सहा किलो चारशे

"किती भरल्या?" इंगवले साहेबांनी विचारलं.

मी स्प्रिंगकाटा छातीपर्यंत उचलून धरला होता. त्याच्या आकड्याला दोन लोखंडी नळ्या सुतळीने बांधून टांगल्या होत्या. कापलेली टोकं अजून गरम होती, म्हणून मी त्या अंगापासून लांब धरल्या होत्या.

"सहा किलो चारशे," मी म्हणालो.

"बघ. सहा किलो चारशे, आणि खर्च काय तर एक ब्लेड." ते खूश झाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एका शनिवारची सकाळ. धैर्यशील इंगवले यांच्या खाजगी वर्कशॉपमध्ये मी तेव्हा फिटर होतो. माझं काम एकच होतं. शोरूममधून निघालेली साधी गाडी, जिच्यात चार माणसं आणि नारळाची पिशवी घेऊन जोतिबाला जायचं, ती घ्यायची आणि तिला शर्यतीची करायची. लोकांना वाटतं ही सगळी इंजिनाची करामत. इंजिन काय, चार पैसे टाकले की कुणीही फुगवून देतो. खरी मारामारी असते वजनाशी.

पहिले साठ-सत्तर किलो नुसत्या पान्याने निघतात. मागचं सीट, गालिचे, छताचं अस्तर, एसी, रेडिओ, स्टेपनी. घरच्या माणसांच्या सोयीचं जे जे असेल ते ते अंगणात काढून ठेवायचं. पुढचे तीस किलो मात्र पैसे मागतात. काचांच्या जागी प्लॅस्टिक, पत्र्याच्या बॉनेटच्या जागी फायबर. आणि शेवटचे दहा किलो असे महाग, की तेवढ्यात दुसरी गाडी दारात उभी राहील. बरं, नुसतं काढून चालत नाही, घालावंही लागतं. गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून जाड नळ्यांचा पिंजरा बसवायचा. छताला, खांबांना, आणि दोन्ही दारांच्या आत फुलीसारख्या दोन-दोन नळ्या. एकीकडे ग्रॅम ग्रॅम काढायचा आणि दुसरीकडे पस्तीस किलो लोखंड भरायचं, असा हा धंदा.

आमच्या गटात गाडी आठशे किलोच्या खाली गेलेली चालत नसे. त्यामुळे जो तो आठशेच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायला बघायचा. आमची आठशे पंचवीसवर अडकली होती. मी साहेबांना म्हणालो होतो, विलायतेतून हलकी सीटं मागवू, बारा किलो वाचतील. किंमत ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग दोन दिवस गाडीभोवती फिरले आणि शनिवारी सकाळी डाव्या दारावर टिचकी मारून म्हणाले, "ह्या नळ्या काढ."

"तिथं शौकत बसतो, साहेब."

"अरे, वाघजाईच्या घाटात दरी उजवीकडं. म्हणजे माझ्याकडं. डावीकडं नुसता डोंगर. डोंगर काय उठून अंगावर येणार आहे?"

शर्यत भरवणाऱ्या क्लबाची तपासणी शुक्रवारीच झाली होती. त्यानंतर पिंजऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. तेही मी सांगून पाहिलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कापतोस का दुसऱ्याला बोलवू?"

घरी दोन लहान मुली होत्या. साहेबांसारखा पगार उद्यमनगरात दुसरा कुणी देत नव्हता. मी कापल्या.

शौकत मुल्लाणी म्हणजे साहेबांचा नॅव्हिगेटर. शेजारी बसून वही वाचत पुढचं वळण किती, खड्डा कुठे, ते सांगणारा. गडी मूळचा शेतकरी, कागलच्या अलीकडे त्यांची उसाची जमीन, पण हिशेब असा तोंडपाठ की घड्याळ न बघता सेकंद सांगायचा. माझा तो मित्र होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याची आई मला जेवायला बोलवायचीच. त्या शनिवारीही दुपारी त्याच्याकडे जेवलो. बिर्याणी होती.

रविवारी, सातव्या वळणावर, डोंगर उठून अंगावर आला नाही. गाडीच डोंगरावर गेली. मागचं चाक वाळूवर घसरलं आणि डावं दार कड्याच्या एका सुळक्यावर बसलं. साहेबांना खरचटलं. शौकतचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला.

मग क्लबाने चौकशी लावली. सेक्रेटरी होते हेरवाडकर सर, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. नियमाचा माणूस, वाकडं बोलायचं नाही आणि वाकडं ऐकायचं नाही. त्यांनी साहेबांना विचारलं, नळ्या काढल्या कुणी? मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कशाला काढायला सांगेन, सर? शौकत मला भावासारखा. फिटरनं परस्पर उद्योग केला. वजन कमी केलं की साहेब बक्षीस देतील असं वाटलं असेल त्याला. गरीब माणूस आहे, पोलिसात वगैरे देऊ नका."

मी बोललो. ओरडून बोललो. पण फिटरचं कोण ऐकतं? अहवालात वाक्य आलं: 'वाहनमालकास अंधारात ठेवून फिटर लोहार याने संरक्षक नळ्या परस्पर काढल्या.' त्या परस्पर शब्दाने मला उद्यमनगरातून उठवलं. चहाच्या गाड्यावर गेलो तर लोक बाकड्यावरून सरकून बसायचे. दवाखान्यात शौकतला भेटायला गेलो, तर त्याच्या आईने माझ्याकडे पाठ केली आणि शौकतने भिंतीकडे तोंड. मला त्याला सांगायचं होतं की साहेबांनी कापायला लावल्या. पण ऐकायला तो तयार नव्हता, आणि सांगायला माझ्या हातात पुरावा नव्हता.

डूख धरावा तर सापाने, असं म्हणतात. सापाला माझ्याकडून शिकावं लागलं असतं. ज्याने चूक करायला लावली त्याच्यापेक्षा ज्याने नंतर दयाळूपणा दाखवला त्याचा मला जास्त राग होता, आणि दोघं एकच होते. रोज सकाळी दात घासताना मी त्यांचं वाईट चिंतायचो. आजही खोटं बोलणार नाही, त्या चार वर्षांत मला देवाकडे दुसरं काही मागायचं सुचलं नाही.

पोटासाठी मी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका सांगलीच्या माणसाकडे लागलो. वजनाचंच काम, फक्त इथे काढायचं किंवा घालायचं नव्हतं, जे आहे ते खरं सांगायचं होतं. गूळ बाजारातले काटे, वखारीतले, रस्त्याकडेचे ट्रक मोजायचे मोठे काटे. हळूहळू साखर कारखान्यांचेही येऊ लागले. आणि इंगवले साहेब दरम्यान एका खाजगी साखर कारखान्याचे मालक होऊन बसले होते.

चौथ्या वर्षी, गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला असेल, त्यांच्या काट्याखालचा वजन पेलणारा एक सेल उंदरांनी वायर खाल्ल्यामुळे बंद पडला आणि मला जावं लागलं. साहेब तिथे नव्हते. काट्याच्या खोलीत तातोबा खोत नावाचे म्हातारे क्लार्क बसायचे. मी काट्याखालचा डबा उघडला. आत जिथे फक्त चार वायरी एकत्र यायला हव्यात, तिथे बोटाएवढी एक जादा पट्टी जोडलेली होती. तिच्यातून निघालेली वायर सरळ खोलीत, खोतांच्या टेबलाखाली.

"ते आपलं न्हवं," खोत वरून म्हणाले. "त्याला हात लावू नगंस."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. साधं घरगुती बटन. खोतांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांना वाटलं, सगळ्या कारखान्यांचे काटे बघणारा माणूस, याला काय नवल. म्हणाले, "वर केलं की देवाचा काटा, खाली केलं की साहेबांचा. वजनमापाचा साहेब आला की वर. एरवी खाली."

काटामारी म्हणतात याला. आमच्याकडे ऊस घालणाऱ्या प्रत्येक माणसाला संशय असतो आणि कुणाकडेच पुरावा नसतो. मी हिशेब केला. चाळीस किलोला एक किलो गिळत होता तो काटा. दहा टनांची ट्रॉली आली की अडीचशे किलो ऊस हवेत.

त्याच दिवशी तक्रार करायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. केली असती तर इन्स्पेक्टर फाटकात यायच्या आधी बटन वर गेलं असतं, हे खरं. पण खरं कारण ते नव्हे. ती पट्टी बघितल्याबरोबर मला शेतकरी आठवले नाहीत. मला फक्त आठशे किलोची गाडी दिसली. मी डबा बंद केला आणि खोतांचा चहा पिऊन आलो.

वाघजाई घाटाची शर्यत माघात असायची. साहेब लागोपाठ तीनदा जिंकले होते, आणि चौथ्यांदा जिंकणाऱ्याला चांदीचा फिरता कप कायमचा मिळत असे. त्या वर्षी त्यांनी कार्यक्रमच आपल्या दारात ओढला होता. शर्यत संपली की सगळ्या गाड्या कारखान्याच्या आवारात, बक्षीस समारंभ तिथेच, मांडव तिथेच. गाड्या मोजायच्या कुठे, एवढंच ठरायचं होतं. हेरवाडकर सर आमच्या सांगलीच्या मालकाकडे विचारायला आले, तेव्हा मी पाना पुसत पुसत म्हणालो, कारखान्याचा काटा आहे की, पाच किलोच्या टप्प्याने दाखवतो, आवारातच आहे, बुधवारी मी तपासून देतो. सरांनी मला ओळखलं. जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

बुधवारी मी गेलो. देवाच्या काट्यावर वीस-वीस किलोची वजनं ठेवून तपासलं, सही केली. मग खोत तंबाखू थुंकायला बाहेर गेले, तेवढ्यात टेबलाखाली दोन स्क्रू ढिले केले आणि दोन घट्ट केले. पाच मिनिटांचं काम.

रविवारी दुपारी आवारात जत्रा होती. मांडवात पाहुणे, आणि फाटकापासून पार रस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग. शर्यतीच्या गाड्या मोजून होईपर्यंत ऊस मोजायचा नाही, असा हुकूम होता. ट्रॉलीवाले सकाळपासून उन्हात बसून होते. ऊस वाळतो म्हणजे वजन वाळतं, त्यामुळे त्यांची तोंडं कडू झाली होती. करमणूक एकच, काट्यावरचा मोठा लाल आकड्यांचा फलक. आदल्या वर्षी साहेबांनी तो हार घालून सुरू केला होता, आमचा कारभार पारदर्शक आहे असं भाषण करून. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तो वाचता यायचा.

रांगेत तिसऱ्या ट्रॅक्टरवर शौकत बसला होता. तो असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. डावी बाही खांद्यापाशी पिन लावून दुमडलेली. त्याने मला बघितलं आणि नजर फलकाकडे वळवली.

शर्यतीत साहेब पहिले आले होते. दुसऱ्यापेक्षा चार सेकंदांनी. त्यांची नवी गाडी मी लांबून पाहिली आणि प्रत्येक जागेवर किती पैसा ओतला आहे ते मला वाचता आलं. फायबरचं बॉनेट, प्लॅस्टिकच्या काचा, हलकी चाकं, आणि हो, विलायती सीटं. चार वर्षांपूर्वी महाग वाटलेली तीच. दोन्ही दारांत नळ्याही होत्या. गाडी आठशे आठ किलोची आहे असं ते सकाळपासून सगळ्यांना सांगत होते. आठशेच्या फक्त आठ किलो वर. बाकीच्या गाड्या आठशे चाळीस, आठशे पन्नास. कारण शेवटचे चाळीस किलो काढायला जो पैसा लागतो तो त्यांच्यापाशी नव्हता.

माझा सगळा डाव यावर होता. काट्याने सगळ्यांना सारखंच खाल्लं असतं, पण गरिबाच्या गाडीत खायला शिल्लक होती.

क्रम शेवटून पहिल्याकडे. चौथ्या नंबरची गाडी चढली: आठशे तीस. तिसरी: आठशे वीस. दुसरी: पुन्हा आठशे तीस. हेरवाडकर सर वहीत लिहून घेत होते. मग साहेब स्वतः गाडी घेऊन काट्यावर आले, इंजिन बंद केलं, हेल्मेट काखेत धरून उतरले आणि फलकाकडे बघत उभे राहिले.

सातशे नव्वद.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "इंगवले, वजन दहा किलोनं कमी आहे. आठशेच्या खाली निकाल रद्द आणि दोन वर्षं बंदी, तुम्हाला माहीत आहे."

"काट्यात काही तरी—" साहेब म्हणाले आणि तिथेच थांबले. रांगेतली दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. काट्यात काही तरी आहे, हे वाक्य त्या आवारात त्यांना पुरं करता येणार नव्हतं. ते वाक्य त्यांच्या घशात अडकलेलं मी बघितलं. चार वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. आणि खरं सांगतो, गोड लागलं.

"दोन मिनिटं द्या, सर," म्हणून ते काट्याच्या खोलीत आले. मी आतच होतो. खोत घामाघूम झाले होते.

"बटन वर केलं का?"

"वरच हाय साहेब. सकाळपासनं वरच हाय. आईची आन."

साहेबांनी वाकून स्वतः बघितलं. वर होतं. मग ते सरळ झाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"धोंडीराम," ते म्हणाले. "तू."

"वायरी उलट्या केल्यात साहेब. बुधवारपासनं. आता वर तुमचा काटा आणि खाली देवाचा. चार दिवस खोतांनी बटन खाली ठेवून ऊस घेतला, म्हणजे चार दिवस सगळ्यांना पुरं वजन मिळालं."

साहेब काही तरी बोलणार होते, पण मी आधीच बोललो. हे वाक्य मी चार वर्षं पाठ केलं होतं.

"दोन वाटा हायेत. बाहेर जाऊन म्हणा, काटा खोटा आहे. माझ्या गाडीत वजनं हायेत, सगळ्यांसमोर ठेवून दाखवतो. न्हाईतर म्हणा, काटा बरोबर आहे, माझी गाडीच खोटी. कप गेला, दोन वर्षं गेली."

"आणि तिसरी?"

तिसरी विचारणार हे मला ठाऊक होतं. त्यांच्यासारख्या माणसाला दोन वाटा कधी पुरत नाहीत.

"चार वर्षांपूर्वीचं एक वाक्य दुरुस्त करून द्या. सही करून. मी बटन खाली करतो, गाडी खरं वजन दाखवेल, कप तुमचा."

ते हसले. अगदी त्या सकाळसारखे. "एवढंच? ते मढं उकरून तुला काय मिळणार आहे? त्या शौकतला हात उगवणार आहे का?" आणि कारखान्याचाच कागद ओढून, उभ्या उभ्या, माझ्याकडून शब्द ऐकत त्यांनी लिहिलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीच्या डाव्या दारातील नळ्या मी स्वतः हुकूम देऊन कापायला लावल्या, फिटर धोंडीराम लोहार याने त्या परस्पर कापल्या नाहीत, क्लबाला मी खोटी माहिती दिली. खाली लांबलचक सही. खोतांनाही साक्षीला सही करायला लावली. कागद माझ्याकडे भिरकावला आणि दारातून डोकं काढून सरांना म्हणाले, "काटा जरा अडकला होता सर, आता बघा."

गाडी आधी काट्यावरून खाली घ्यायला हवी होती. वीस किलोंचा फरक लपवायचा तर ती उतरवून, चार मिनिटं थांबून, परत चढवायची. शहाणा माणूस हेच करतो. मी गप्प राहिलो. कागद खिशात घातला, टेबलाखाली हात घातला आणि बटन खाली केलं.

खोलीतल्या छोट्या आकड्यावर आठशे दहा आलं. साहेबांनी समाधानाने मान हलवली. ते फक्त तो छोटा आकडा बघत होते.

बाहेर मात्र मोठ्या फलकावर, काट्यावर कुणीही चढलं-उतरलं नसताना, रिकाम्या उभ्या गाडीचं वजन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सातशे नव्वदचं आठशे दहा झालं होतं.

मी खिडकीतून बघितलं. रांगेत कुणी हललं नाही. बसलेली माणसं मात्र उभी राहिली. मग तिसऱ्या ट्रॅक्टरवरून शौकत उतरला. फलकाकडे बघत, ओठ हलवत, सावकाश चालत काट्यापाशी आला. तो हिशेब करतोय हे मला लगेच कळलं. घाटात वळणं मोजताना त्याचे ओठ तसेच हलायचे.

हेरवाडकर सर नियमाचा माणूस. त्यांनी वहीत आठशे दहा लिहिलं आणि म्हणाले, "वजन नियमात आहे. इंगवले, पहिला क्रमांक." कुणी तरी साहेबांच्या हातात कप दिला. साहेबांनी तो घेतला. टाळी एकही वाजली नाही.

"साहेब," शौकत म्हणाला. आवाज चढवला नाही, पण त्या शांततेत तो फाटकापर्यंत गेला. "उभ्या उभ्या तुमची गाडी वीस किलोनं जड झाली. आठशेला वीस. चाळीसाला एक. माझ्या ट्रॉलीत दहा टन ऊस हाय, म्हंजे अडीचशे किलो. हे अडीचशे किलो गेली दोन वर्षं कुठं जातात त्ये मला कळत न्हवतं. आता जे काय केलंत आत, त्येच करून माझी गाडी मोजा."

साहेब कप घेऊन उभे होते. खाली ठेवावा तर हरल्यासारखं, धरून ठेवावा तर तोच पुरावा. गाडी आठशे दहाची खरी असेल तर काटा चोर, आणि काटा खरा असेल तर कप चोरीचा. त्यांच्या पाठीमागे खोत आधी रडायला लागले आणि मग बोलायला लागले. विचारलेलं आणि न विचारलेलं, सगळं बोलले. फाटक ट्रॉलीवाल्यांनी आतून लावून घेतलं, आणि वजनमापाचे अधिकारी जिल्ह्याहून येईपर्यंत कुणाला बाहेर जाऊ दिलं नाही. साहेबांच्या अंगाला कुणी बोटही लावलं नाही. माणसं नुसती भोवती उभी राहिली, आणि दोन तास साहेब तो कप हातात धरून मधोमध उभे होते.

पुढचं सगळं पेपरात आलं, चौकशा झाल्या, कारखान्याचा मालक बदलला. माझा काटे दुरुस्तीचा परवानाही गेला, वायरींना हात लावला म्हणून. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या रविवारी मी घरी गेलो तेव्हा माझ्या अंगावरचं काही तरी काढून ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं. मुलींना पेढे आणले. बायकोने विचारलं कसले, तर म्हणालो, माझे.

सोमवारी दुपारी कागद घेऊन शौकतच्या घरी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने मला बस म्हटलं. ओट्यावर घोंगडं होतं, त्यावर बसलो. तो माझ्याशी बरा बोलला, कालचं काम चांगलं केलंस म्हणाला. मी खिशातून कागद काढून दिला. त्याने मांडीवर ठेवून एका हाताने सपाट केला आणि वाचला. सावकाश, दोनदा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता तो काय म्हणेल ते मी चार वर्षांत अनेक प्रकारे ठरवून बघितलं होतं.

"त्यानं सांगितलं," शौकत म्हणाला. "त्ये मला तवाच म्हाईत होतं. तू आपल्या मनानं नळ्या कापणारा माणूस न्हवंस. अहवालावर माझा इस्वास कधीच न्हवता."

"मग बोलला न्हाईस का इतकी वर्सं?"

"कापल्या कवा?"

"शनिवारी."

"शनिवारी कवा?"

"सकाळी. धा वाजता."

त्याने कागदाची घडी केली. एका हाताने घडी करायची त्याला सवय झाली होती. "आणि दुपारी तू आमच्यात जेवलास. माझ्या ह्या बाजूला बसून," त्याने मानेने डाव्या खांद्याकडे दाखवलं. "अम्मीनं दुसऱ्यांदा वाढलं, तवाबी न्हाई म्हणाला न्हाईस. मी तुला इचारलंबी, गाडी कशी हाय. तू म्हणालास, एकदम हलकी झालीया."

कागद त्याने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

आतून त्याच्या आईचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. तिला आता डोळ्यांनी कमी दिसत होतं.

"कोण न्हाई अम्मी," शौकत म्हणाला. "काटा दुरुस्त करणारा हाय. चाललाय."

मी कागद खिशात घातला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडलो.